पावणेदोन कट्टे

वजन विचारून खोली देणारा घरमालक मी आयुष्यात एकच पाहिला.

नागपूरहून एकोडीला राईस मिलवर सुपरवायझर म्हणून नुकताच लागलो होतो. गोदामात बारदान्यावर झोपायचो, उंदरांशी भांडायचो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खोली विचारायचो. एक दिवस एक उंच, वाळलेला म्हातारा धान घेऊन आला. धान मोजून झालं, गाडी रिकामी झाली, तरी बुवा हलेना. मला खालून वरपर्यंत न्याहाळत उभा.

"खोली तुमालेच पाह्यजे का जी?"

"हो, मलाच."

"मंग चढा काट्यावर."

हमाल फिदीफिदी हसायला लागले. मी नवा माणूस, वाटलं इथली अशीच रीत असेल, चढलो. म्हाताऱ्यानं वाकून काटा वाचला, ओठातल्या ओठात काहीतरी जुळवलं आणि म्हणाला, "पावणेदोन कट्टे. थोडे जड हा. पर चालते. आणा सामान."

कट्टा म्हणजे चाळीस किलो धानाचं पोतं. म्हातारा सगळं जग कट्ट्यांत मोजायचा. पोलीस पाटील अडीच कट्टे, शाळेच्या बाई सव्वा, आणि एकदा नागपूरची माझी आत्या भेटायला आली, तिच्याकडे बघून हळूच मला म्हणाला, "तीन तं असनच." सगळं गाव त्याला मामाजी म्हणे, मीही म्हणू लागलो. मला मात्र त्यानं कधी नावानं हाक मारली नाही. चारचौघांत मी 'मिलवाले साहेब', आणि घरात, "ओ पावणेदोन, चहा घेता का?" राग यायचा. पुढं पुढं नाही यायचा.

आता मामाजी नाहीत. पण त्यांचं ते वजनाचं प्रकरण मला नीट सांगायचं आहे, कारण गावात अजूनही लोक ते हसून सांगतात, आणि मला ते हसणं सहन होत नाही.

मामाजींना मूलबाळ नव्हतं. बायको फार पूर्वी गेली. थोडी धानाची शेती, आणि ती सोडली तर एकच माणूस होता, डोमा. डोमा ढिवर, गावच्या तलावावर मासे धरणारा. मामाजी मासे धरणाऱ्यांतले नव्हेत, पण जवानीत कधीतरी गळ टाकायला म्हणून डोमाच्या लाकडी डोंग्यात बसले ते बसलेच. रोज संध्याकाळी, शेतातून हातपाय धुऊन, थेट तलाव. मामाजी पुढच्या टोकाला गळ घेऊन, डोमा मागच्या टोकाला वल्हं घेऊन, आणि तोंडं समोरासमोर. म्हणजे मामाजी कायम उलटे बसायचे.

"मले तलावाचं पुढचं कधी दिसलंच नाही," ते सांगायचे. "डोमाचं थोबाड दिसे. आन त्याच्यामांगं तलावाची पाळ."

"मग बोलायचं काय इतकी वर्षं?"

"बोलाचं काय? कमळ पाहून राहिलो, गळ पाहून राहिलो. कधी त्यानं खोकललं तं मी म्हणो, बिडी कमी कर. तो म्हणे, हो."

एवढंच. गावाला ती जोडी इतकी सवयीची होती की दोघांतला एक दिसला तर लोक दुसऱ्याची तब्येत विचारायचे.

मी खोली घेतली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात डोमा गेला. मामाजी काही दिवस तलावाकडे फिरकले नाहीत. मग एका संध्याकाळी उठले, डोंगा ढकलला आणि आपल्या नेहमीच्या जागेवर, पुढच्या टोकाला, उलटं तोंड करून बसले. आता एका टोकाला माणूस आणि दुसऱ्या टोकाला हवा म्हटल्यावर काय होणार? मामाजींचं टोक खाली बसलं, डोमाचं टोक उचललं गेलं, आणि डोंगा जागच्या जागी गरगर फिरत कमळांच्या वेलांत जाऊन अडकला. डोमाच्या पुतण्यानं छातीएवढ्या पाण्यात उतरून तो ओढून काढला. पुतण्या तलावाच्या मच्छीमार संस्थेत आहे, चांगला माणूस. तो म्हणाला, "मामाजी, मधात बसा ना. एकटा माणूस मधात बसते."

मामाजी म्हणाले, "मधात कायले बसू? ती जागा ना माही, ना त्याची."

दुसऱ्या दिवशी त्यांनी डोमाच्या जागेवर धानाचं पोतं ठेवलं. डोमा सव्वा कट्टा भरायचा, म्हणून एक भरलेला कट्टा आणि वर पाव भरलेलं पोतं. बरोबर डोमाएवढं. डोंगा सरळ राहिला. मामाजी समोरच्या पोत्याकडे बघत गळ टाकून बसू लागले. गावानं कपाळाला हात लावला. पण लाकूड जुनं झालं होतं, तळातून पाणी झिरपायचं, आणि पोती खालून भिजत गेली. एक दिवस मामाजी बघतात तर डोमाच्या जागेवर धानाला कोंब फुटलेले.

दुसरा कोणी असता तर त्यानं शिव्या देऊन ते धान कोंबड्यांना टाकलं असतं. मामाजींनी कोंब फुटलेलं धान उचललं, धानाच्या बांधीत कोपऱ्यात फोकलं, त्याचे पऱ्हे म्हणजे रोपं केली, रोवणी केली. त्या वर्षी आलेला तो तांदूळ त्यांनी ना विकला, ना कोणाला दिला. वेगळा शिजवून एकट्यानं खाल्ला. हे मला पुतण्यानं सांगितलं. मामाजींना विचारलं तर म्हणाले, "भात चांगला झालता."

डोंगा मात्र गेला तो गेलाच. तसं अख्खं लाकूड आता मिळत नाही आणि तो कोरणारा माणूसही नाही. मग मामाजींनी ठरवलं, ॲल्युमिनियमची होडी घ्यायची. ते तिलाही डोंगाच म्हणायचे. अट एकच: "मी माह्या जागेवर एकटा बसलो, तरी तो सपाट राह्यला पाह्यजे." म्हणजे समोर कोणी नाही हे डोंग्याला कळताच कामा नये. आणि आधी दोघं बसून पारखायची, म्हणून समोर बसवायला एक माणूस हवा होता, डोमाच्या वजनाच्या जवळपासचा. खोली मला का मिळाली ते तेव्हा कळलं. मी खूप चिडलो. मी काय धानाचं पोतं आहे का? पण खरं सांगतो, त्या गावात मिलची मशीन बंद झाली की संध्याकाळी माझ्याशी बोलायला कुत्रंही नव्हतं. म्हणून गेलो.

रविवार म्हणजे होडी. आदल्या रात्री माझ्या मोबाईलवर व्हिडिओ. गोरे लोक चकचकीत होड्यांत बसून हातभर मासे काढून दाखवायचे. मामाजींना माशाशी देणंघेणं नाही, होडीच्या तळाशी नाही. ते बोट ठेवून विचारायचे, "हा एकटाच हाये का? याच्यासमोर कोण बसते?"

"व्हिडिओ काढणारा बसत असेल, मामाजी."

"मंग बरं हाये," म्हणायचे, आणि पुढचा लावायला सांगायचे.

पहिली होडी भंडाऱ्याच्या बाजूला एका वेल्डिंगवाल्याकडे पाहिली. मामाजींनी उभ्या आयुष्यात मोठी खरेदी एकच केली होती, बैलांची. तेवढंच त्यांना येत होतं. होडीभोवती फेरी मारली, मागून पाहिलं, वाकून पोट पाहिलं, पाठीवर थाप मारली. वेल्डिंगवाला पोरगा उत्साहात सांगत होता, "काका, पत्रा जाड आहे, रिबीट नाही मारले, सगळं वेल्डिंग आहे. रिबीट ढिले होतात, पाणी घेतात. वेल्डिंगला मरण नाही." मामाजी शांतपणे म्हणाले, "गरीब हाये का?"

"काय?"

"मारका तं नाही ना?"

पोरानं माझ्याकडे पाहिलं, मी आकाशाकडे पाहिलं. मग मामाजींनी बोटानं ठोकून कान लावला. भंडाऱ्याचा माणूस भांडं घेताना वाजवून घेतो, पितळ खणखणतं आणि मन भरतं. ॲल्युमिनियम कसलं खणखणतंय! धप्प. मामाजींचं तोंड उतरलं. "बोलत नाही हा," म्हणाले. शेवटी किमतीची गोष्ट निघाली तेव्हा त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून पोराच्या हातावर टाकला आणि बैलबाजारातल्यासारखा बोटांवर भाव सांगायला दुपट्ट्याखाली त्याची बोटं धरली. पोरगा दचकून दोन पावलं मागं. अरे बाप्पा, मला हसू आवरेना! त्या दुकानातून आम्ही जवळजवळ पळालोच.

दुसरी पवनीकडे, वैनगंगेच्या फुगवट्यावर. एका मासेमाराला विकायची होती. ही पाण्यात होती, म्हणजे बसून पाहता आली. मी मागं, मामाजी पुढं, उलटे. तळ निमुळता, त्यामुळे मी शिंकलो तरी डुलायची. मामाजींनी काठ घट्ट धरला. "बुजते हा," त्यांनी निकाल दिला. पण उतरले नाहीत. तिथंच बसून राहिले. मी वल्हं मारायचा प्रयत्न केला आणि होडी गोल फिरली. मामाजी माझ्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "तुमी खोकलत नाही का जी?"

मी म्हटलं, "नाही, मला खोकला नाही."

"बरं हाये," म्हणाले, पण काही बरं वाटल्यासारखं दिसलं नाही.

मग मी थोडा खोकलो. काय करणार? समोरचा माणूस इतका एकटा दिसत असेल तर माणूस काहीही करतो.

तिसरी होडी नागपूरच्या बाहेर, एका मोठ्या दुकानात. मागं त्यांचं स्वतःचं डबकं होतं, गिऱ्हाइकाला बसवून दाखवायला. मालक मोठा समजूतदार. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, तुम्हाला पाहिजे ते आहे माझ्याकडे." एकट्या माणसासाठी बांधलेली होडी. तळ रुंद, सपाट, बसायच्या फळीखाली फोम भरलेला, आणि समोरच्या टोकाला आतून वजन बसवलेलं. मामाजी आपल्या जागेवर, टोकाला, उलटे बसले. मालकानं ढकललं. होडी पाण्यावर अशी राहिली, पाटावर वाटी ठेवावी तशी. सपाट. हलत नाही, डुलत नाही, फिरत नाही.

मी काठावर उभा होतो. मला केवढा आनंद झाला! म्हटलं सुटलो एकदाचे, आता रविवारी झोपता येईल. मालकही खूश. मामाजी तिथं बसलेत, समोरच्या मोकळ्या टोकाकडे बघत. तिथं फळीसुद्धा नव्हती, गुळगुळीत पत्रा होता, कोणाला बसायचं म्हटलं तरी बसता येऊ नये असा. मामाजींचा खालचा ओठ थरथरू लागला. आधी मला वाटलं ऊन लागलं. मग पाहिलं, म्हातारा रडतोय. तोंड लपवत नव्हता, डोळे पुसत नव्हता, नुसतं गळत होतं.

काठाला आले आणि म्हणाले, "नाही पाह्यजे."

"अहो मामाजी, हेच तर शोधत होतो आपण वर्षभर! एकटे बसलात, सपाट राहिली!"

"हो."

"मग?"

"याले कोणाची गरजच नाही, साहेब." आणि उतरता उतरता, "डोमाचा डोंगा तिरपा होये. त्यालेई मालूम होतं का कोणी गेलं."

मी स्वतः किती दिवसांपासून त्या गावात सपाट राहून दाखवत होतो, ते मला येताना बसमध्ये कळलं. घरी फोन आला की "मजेत आहे" म्हणायचं, मिलवर हसायचं, खोलीत येऊन दिवा लावायचाही कंटाळा करायचा.

पुढच्या आठवड्यात मामाजींनी त्या पहिल्या वेल्डिंगवाल्याकडची होडी घेतली. साधी, दोन टोकांना दोन फळ्या, एक जण बसला तर हमखास तिरपी होणारी. "बोलत नाही हा, पर आयकते," म्हणाले.

होडी आली तेव्हा पोळा तोंडावर होता. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकतात, पळसाच्या पानानं, आणि बैलाच्या कानाशी जाऊन त्याला जेवणाचं आवतन देतात. मामाजींनी बैल केव्हाच विकले होते, नांगरणी ट्रॅक्टरवर. मी मिलवरून आलो तर अंगणात होडी, आणि मामाजी वाटीत तूप-हळद घेऊन, वल्हं जिथं घासतं तो काठ पळसाच्या पानानं शेकताहेत. हळू, मन लावून.

"आज आवतन घे," ते होडीला म्हणाले, "उद्या जेवाले ये."

मी दारातच थांबलो. मला पाहून लाजले बिचारे. मग वाटी खाली ठेवून, डोकं न उचलता म्हणाले, "तुमालेई आवतन हाये जी. उद्या जेवाले या."

वर्षभर त्या घरात राहून मी त्यांच्या चुलीवरचं कधी जेवलो नव्हतो. त्यांनी बोलावलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहिले आणि त्या रांगेत आम्ही दोघं दोन टोकांना धरून होडी घेऊन आलो. बेगड लावलेली, गळ्यात म्हणजे पुढच्या टोकाला घुंगरांची माळ. हसून हसून लोकांची पोटं दुखली. पोलीस पाटील पुढं आले. "मामाजी, हे का आणलं? इथं बैल लावतेत, भांडे नाही."

"माह्याकडे हेच हाये."

"बरं हेच सही. पर जोडी कुठं हाये? जोडीबिगर तोरणाखाली उभं नाही करत आपण, तुमालेई मालूम हाये."

मामाजींनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग माझ्याकडे बोट केलं. "हा मी. आन हे पावणेदोन."

पुन्हा हसण्याचा भडका. मला वाटलं जमीन फाटावी. पण पाटलांचा हसरा चेहरा एकदम बदलला, कदाचित त्यांना डोमा आठवला असेल, आणि ते म्हणाले, "लागा मंग रांगेत." लागलो. शेजारणीनं इतर बैलांसारखंच होडीच्या टोकाला कुंकू लावलं, पाणी घातलं, आणि मग हसत हसत आम्हा दोघांनाही ओवाळलं. जेवायला मामाजींनी पुरणपोळ्या केल्या होत्या. जाड, करपलेल्या. मी चार खाल्ल्या.

त्यानंतरच्या संध्याकाळी आम्ही तलावावर असायचो. मी वल्हं मारायला शिकलो. बोलायचो कमीच. तलावाचं पुढचं मला दिसायचं, त्यांना मी दिसायचो. मधूनच मी खोकायचो, ते म्हणायचे, "बिडी कमी करा." मी कधी बिडी ओढली नाही. "हो," म्हणायचो.

पुढं आई आजारी पडली, मला नागपूरला परतावं लागलं. निघताना मामाजी बसथांब्यावर आले, बॅग हातात तोलून म्हणाले, "अर्धा कट्टा." बस हलली तेव्हा हातही हलवला नाही, नुसते उभे. दर पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन यायचा. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." फोन बंद. मी जायचो. दुपारी जेवायचो, संध्याकाळी एक फेरी मारायचो आणि रात्रीच्या गाडीनं परत.

या वर्षी आषाढात डोमाच्या पुतण्याचा फोन आला. मामाजी ओसरीत झोपले होते, सकाळी उठले नाहीत. माती देऊन झाल्यावरच त्यानं फोन केला होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी फोनची वाट पाहिली. मूर्खपणाच, पण पाहिली. मग दुपारी उठलो आणि गेलो.

होडी तलावाच्या पाळीवर, पावसाचं पाणी भरून पडली होती. पुतण्यानं ती कलती करून पाणी काढलं. "भाऊ, संस्थेच्या कामी येईन म्हंतो," तो म्हणाला. "मधात एक फळी ठोकतो. एकट्याले सोयीचं पडन." मी माझ्या जागेकडे पाहत होतो, मागच्या टोकाला. फळीखाली पत्र्याच्या खाचेत गाळ साचला होता आणि त्यात हिरवं काहीतरी उगवलं होतं. वाकून पाहिलं. धान.

"हे काय?"

पुतण्या हसला. "तुमी गेल्यावर बुढा समोर पोते ठेवून जाय ना जी. रोज."

"हो," मी म्हटलं, "डोमाच्या वजनाचे. सव्वा कट्टा."

"नाही जी! एक भरून आन एक पाऊण. मीच तं उचलून देत जाओ, माही कंबर गेली. एक दिवस म्हटलं, मामाजी, काका सव्वा कट्टाच होता, इतकं कायले? तं म्हने, डोमा गेला. हे मिलवाले साहेब हायेत."

मी तिथंच पाळीवर बसलो. पुतण्या घाबरला, पाणी आणू का म्हणाला. नको म्हटलं. एवढा मोठा माणूस मी, ढसाढसा रडलो, आणि तो बिचारा शेजारी उकिडवा बसून राहिला.

मग मी होडी पाण्यात ढकलली आणि मागच्या टोकाला, माझ्या जागेवर बसलो. धानाला पाय लागू नये म्हणून पाय आवळून. माझं टोक खाली गेलं, समोरचं टोक वर उचललं.

"मधात बसा ना भाऊ!" पुतण्या काठावरून ओरडला. "सपाट चालन!"

"राहू दे," मी म्हटलं.

होडी तिरपी तिरपी, फिरत, कमळांपर्यंत गेली. नागपूरहून मी तूप आणि हळद आणली होती, डबीत. पळसाचं पान पाळीवरूनच तोडलं होतं. वल्हं घासतं तो काठ मी दोन्ही बाजूंनी शेकला, जमेल तसा. मग समोरच्या रिकाम्या फळीकडे तोंड करून म्हणालो,

"आज आवतन घ्या, मामाजी. उद्या जेवाले या."